पोढी

घोटा मुरगळला त्याला तीन वर्षं झाली.
एकोणिसाव्या लेण्यापुढं, माकडानं पळवलेला
एका पोराचा डबा सोडवायला धावले होते.
सहल होती. पोरं हसली. मीही हसले.
बाम चोळला, दुसऱ्या दिवशी कामावर.

एवढ्याशा गोष्टीचा
आज एमआरआय निघालाय.

गंगापूर रोडला डॉ. साखला
उजेडावर फिल्म धरून दाखवतात:
हे टॅलस. अख्खं अंग ह्याच्यावर उभं असतं.
वरची गादी, कूर्चा म्हणतात तिला,
इथं आतल्या कोपऱ्यात पापुद्र्यासारखी सुटलीय.
आणि खाली हाडात हा खड्डा.
नऊ मिलिमीटर. पाणी भरलंय.

मी म्हणाले, पोढी.
काय?
पोढी, डॉक्टर. आमच्या पांडवलेणीला
खडकात पाण्याची टाकी कोरल्यात ना,
भिंतीवरच्या लेखात त्यांना पोढी म्हटलंय.
अभ्यासाला येणारे वाचून दाखवतात,
वॉचमनलाही ऐकून ऐकून पाठ होतं.

ते हसले नाहीत. कागद ओढून
माझा घोटा काढला. वांग्यासारखा आला.

पहिलं, चिरफाड नाही. गुडघ्यापर्यंतचा बूट,
कुबड्या, मग व्यायाम, वजन थोडं खाली,
आणि पायऱ्या बंद.
ह्यात भागतं का कुणाचं?
काहींचं भागतं. दुखणं उतरतं.
गादी परत येईल असं मी म्हणणार नाही.
तिच्यात रक्त जात नाही, मंदाताई,
आणि जिथं रक्त नाही
तिथं जखमेची बातमी कुणाला लागत नाही.

हे वाक्य मी घरी घेऊन आले.

मग दुर्बीण. दोन बारीक छिद्रं,
सुटलेला पापुद्रा काढायचा, हाडाला टोचे मारायचे,
आतलं रक्त वर येतं, साकळतं,
त्याचीच पुढं गादी होते. मूळची नव्हे. ठिगळ.
ठिगळ किती टिकतं?
तुमचा खड्डा खोल आहे, म्हणाले.
म्हणजे उत्तर दिलं नाही.
खोल आहे म्हणून कमरेचं हाड घेऊन भरायचा,
नाहीतर गुडघ्यात जिथं भार कमी
तिथून गादीसकट हाडाची खुंटी काढून
इथं ठोकायची.
आणि गुडघा दुखायला लागला तर?
लागू शकतो.
म्हणजे हंडा गहाण टाकून कळशी सोडवायची.

सांधा कायमचा जाम करणं, नवा बसवणं,
हे त्यांनी पेन बंद करता करता सांगितलं.
वय काय तुमचं?
सेहेचाळीस.
मग ते आत्ता नाहीच.
कशाला तरी अजून लहान आहे मी,
बरं वाटलं.

पैशाचा आकडा कागदाच्या मागच्या बाजूला होता.
रिक्षात पाथर्डी फाट्यापर्यंत
मी तो कागद वांग्याच्या बाजूनंच धरला.

बोडके साहेबांनी खालच्या गेटवर खुर्ची दिली.
कंत्राटात रजा बसत नाही, खुर्ची बसते.
बूट घातलाय. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो,
मग बघू टोचे की खुंटी.
लोक विचारतात, किती पायऱ्या आहेत हो?
दोनशेच्या आसपास. मोजणाऱ्यागणिक बदलतात.
वर काय आहे?
मी सांगते. पूर्वी कधी सांगत नव्हते,
वर गेल्यावर दिसायचंच त्यांना.

संध्याकाळी रंजना पगारे वरून शिट्टी मारते,
खालून मी.
ती उतरली की विचारते,
अठराव्याच्या बाजूच्या पोढीत पाणी आहे का गं?
आहे, म्हणते ती,
चपलेतला खडा झटकत.
बघितलेलं नसतं तिनं.
कळतं मला आवाजावरून.